हाताच्या मापाची पेटी

आमच्याकडे पाहुण्याला नुसतं तोंडानं "बसा" म्हणत नाहीत. घरातल्या कर्त्या माणसानं आपल्या हातानं काहीतरी अंथरायचं, मग ती गादी असो, घोंगडी असो की धान्याचं रिकामं पोतं असो, आणि मग म्हणायचं, "बसा." तोवर आलेला माणूस उभाच. आणि एकदा कर्त्यानं हातानं बैठक दिली की ती नाकारायची नाही. कितीही घाई असली तरी टेकायचं, पाणी प्यायचं, मग उठायचं. न टेकता गेलेला माणूस भांडून गेला असं धरतात. आता घरोघर खुर्च्या आल्या. खुर्चीवर काही अंथरावं लागत नाही, माणूस आपला आपण बसतो. त्यामुळं ही रीत पुष्कळांच्या ध्यानातही नसेल. माझ्या मात्र चांगली ध्यानात आहे, कारण याच रीतीपायी माझ्या थोरल्या भावावर माणसांतून उठायची वेळ आली होती.

आमचं गाव पेडगावच्या अलीकडं, काळ्या रानाचं. घर साधं, धाब्याचं. पुढं दगडी ओटा आणि ओट्यापुढं कडुलिंबाचं झाड. रझाकारांच्या दिवसांत हा ओटा ओस पडला होता. दिवस मावळायच्या आत गावभर कवाडं लागायची, आणि शेजाऱ्याला हाक मारायची तरी लोक आवाज खाली घेत. पुढं निजामाचं राज्य गेलं. गावात कुणी पेढे वाटले, कुणी झेंडा लावला. आमच्या दादानं काय केलं असेल, तर घरातल्या होत्या नव्हत्या त्या गाद्या आणि लोड काढून ओट्यावर बिछायत घातली आणि दारं सताड उघडी टाकली. त्या दिवसापासून आमच्या ओट्यावर बैठक बसायला लागली ती बसलीच. शेतकरी यायचे, मेंढ्या घेऊन जाणारे यायचे, बाजाराहून परतणारे यायचे. कचेरीतली उर्दू जाऊन मराठी आली तर अर्ज कुणाकडून लिहून घ्यायचा, इथपासून कुणाच्या बांधावरची बाभूळ कुणाची, इथपर्यंत सगळं तिथं बोललं जायचं. दादा कमी बोलायचा, पण त्यानं बोललेलं लोक घरी घेऊन जायचे.

माझी गोष्ट निराळी. आमच्या घराण्यात शेती थोडी आणि राग फार. शेतीच्या वाटण्या झाल्या नाहीत, पण रागाचा सगळा वाटा मात्र माझ्याकडं आला. बैठकीत मी बसलो की कुणाशी तरी जुंपायचीच. म्हणून दादा मला बैलांना पाणी दाखवायला पाठवायचा. बैलांनी आमच्याइतकं पाणी दुसऱ्या कुणाच्या घरी पाहिलं नसेल.

मग एका सुगीला कापसाची गाडी परभणीला घेऊन जाताना चाक ओढ्याच्या खाचेत गेलं आणि वर बसलेला दादा कमरेवर आदळला. परभणीच्या दवाखान्यात तो बरेच दिवस होता. घरी आणला तेव्हा कमरेखालचं अंग त्याचं राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की आता यात फरक पडायचा नाही. दादा धट्टाकट्टा माणूस, बाजेवर बसला की वरून पाहणाऱ्याला काही झालंय असं वाटायचंही नाही. आम्ही रोज सकाळी त्याची बाज उचलून ओट्यावर ठेवायचो.

लोक यायचे. का नाही येणार? पण आता अंथरायला दादा उठू शकत नव्हता. म्हणून मी आतून गाद्या आणायचो, मी अंथरायचो आणि मीच म्हणायचो, "बसा." यात काही वावगं होतंय असं मला वाटलं नाही. पण हळूहळू एक गोष्ट व्हायला लागली. बसायला मी देतो म्हणून लोक माझ्याकडं तोंड करून बसायला लागले. पाऊसपाण्याचं मला विचारायला लागले. बांधाचा तंटा माझ्यापुढं मांडायला लागले, आणि माझ्यापुढं तंटा मांडणं म्हणजे आगीत तेल. एके दिवशी तर दादाच्या बाजेला टेकून बसलेल्या माणसानं मला विचारलं, "दादाची तब्येत काय म्हणती?" दादा त्याच्या पाठीशी हातभर अंतरावर होता. तो रस्त्याकडं बघत राहिला.

हे मी पाहिलं, पण मला दिसलं नाही. दिसलं ते वहिनीला.

वहिनी सोनपेठकडची, गोदाकाठची. वयानं माझ्याहून लहान, मानानं मोठी. अंगानं बारकी आणि कामाला विजेसारखी. बायकांनी बैठकीत यायची पद्धत नव्हती, त्यामुळं ती कवाडाच्या आड उभी राहून सगळं ऐकायची. ओट्यावर ती यायची ती झाडायला आणि सारवायला. त्या दिवशी लोक गेल्यावर मी गाद्या गोळा करून आत आणत होतो, तर म्हणाली, "भाऊजी, उद्यापासून तुमी लोकायला बसायला देऊ नका."

माझं डोकं फिरलंच. "मंग काय त्यायला उभं ठिवू?"

"ह्यायनी देऊ द्या."

"वैनी, दादा उठतोय का आता?"

"ह्यायनी कामून उठावं?" ती म्हणाली. "गादी ह्यायच्यापाशी आली पायजे."

एवढं बोलून ती भाकरी थापायला गेली. मी गाद्या खांद्यावर घेऊन तसाच उभा. अशी माणसं मला फार थोडी भेटली, जी दुखणं कुठं आहे ते नेमकं धरतात आणि धरल्यावर रडत बसत नाहीत, लगेच हात घालतात. वहिनी त्यांतली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं मोठ्या गाद्या उसवायला घेतल्या. दोन-दोन माणसं झोपतील अशा गाद्या, बसलेल्या माणसाला एका हातानं कशा उचलणार? पिंजाऱ्याकडून कापूस पुन्हा पिंजून घेतला, आणि चौकडीच्या जाड कापडाच्या एका-एका माणसापुरत्या लहान गाद्या शिवल्या. प्रत्येक गादी दादाच्या हातात देऊन उचलून बघायला लावायची. जड वाटली की कोपरा उसवून मूठभर कापूस बाहेर. दादा म्हणायचा, "हे काय चाललंय तुमचं?" तर ती म्हणायची, "वजन बघायलेय."

गाद्या झाल्या, पण ठेवायच्या कुठं? दादाच्या हाताशी म्हणजे ओट्यावरच. ओट्यावर दव, धूळ, कुत्री, आणि रस्त्यानं जाणाऱ्या शेळ्या. शेळीला खायला काय चालत नाही ते अजून कुणाला कळलेलं नाही. आत ठेवाव्यात तर उंदीर, आणि सुगीत घरात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून वहिनीच्या मनानं घेतलं की बाजेशेजारी ओट्यावरच एक लाकडी पेटी करून घ्यायची, फक्त बैठकीच्या गाद्यांसाठी.

गावचा सुतार भरघोस मिशांचा आणि त्याहून भरघोस तोंडाचा माणूस. हातात कसब होतं, पण ते आपल्याला आहे हे तो कुणाला विसरू द्यायचा नाही. पेटीचं ऐकून तो आमच्या अंगणात इतका हसला की बैल बिचकले. "मान्साला धड छप्पर न्हाई, अन् गादीला घर! लय भारी हाय बुवा तुमचं!" पण काम घेतलं. त्यानं आजवर नांगर केले होते, तिफणी केल्या होत्या, गाड्या केल्या होत्या. आणि साठवण म्हणाल तर धान्याच्या कोठ्या. आमच्या भागात साठवण म्हटलं की एकच गोष्ट डोळ्यापुढं येते, ज्वारी. आणि ज्वारी टिकवायची तर वारा लागू द्यायचा नाही. कोठी चहूबाजूंनी बंद, फटी शेणामातीनं लिंपलेल्या, झाकणसुद्धा लिंपून टाकायचं. जितकी बंद तितकी चांगली, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलेलो.

सुतारानं तशीच पेटी केली. बाभळीची, जाडजूड, बसलेल्या माणसाच्या छातीइतकी उंच, वर झाकण. सांधे असे बसवले की त्यातून केस जाणार नाही. तरीही वहिनीनं आणि त्यानं मिळून बाहेरून फटी लिंपल्या. पेटीवर थाप मारून तो म्हणाला, "ह्यात मुंगी शिरली तर मिशी उतरवीन." आम्ही सगळ्यांनी वाहवा केली. मीही केली, आणि मी सहसा कुणाची करत नाही. झाकण दादाला बसल्या जागेवरून उचलता येत नव्हतं, पण ते मी उचलायचं आणि आतली गादी त्यानं वाकून घ्यायची असं ठरलं. पाऊस लागला, निंदणी-खुरपणी सुरू झाली, बैठक आपोआप बंद पडली. गाद्या पेटीत आणि पेटी बंद.

उघडली ती पोळ्याला. बैल मिरवून झाल्यावर लोक घरोघर जातात. आमच्या ओट्यापुढंही जमले, धुवट धोतरं, नवे पटके. दादालाही आम्ही नवा पटका बांधला होता, आणि किती दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू होतं. मी झाकण उचललं. दादानं माझ्या खांद्याला धरून आत हात घालून गादी काढली आणि बाजेपुढं टाकली. "बसा."

गादीवर हिरवट-काळी बुरशी होती. वास असा आला की पुढं उभ्या माणसाचे डोळे बारीक झाले. दादानं घाईनं दुसरी काढली, तिसरी काढली, सगळ्या तशाच. ज्वारी टिकवणाऱ्या पेटीनं ओलसर हवा आत धरून ठेवली होती आणि कापूस आतल्या आत घामेजून कुजला होता. पण गादी दिलेली होती. कर्त्यानं, त्याच्या हातानं. आणि तो पहिला माणूस, एक म्हातारा शेतकरी, त्या गादीवर बसला. मग दुसरा बसला. मग सगळे एकेक करून आपली धुवट धोतरं घेऊन त्या कुजक्या गाद्यांवर बसले आणि पाऊसपाण्याचं बोलायला लागले. कुणी नाकाला हात लावला नाही की तोंड वाकडं केलं नाही. आमचं गाव भांडखोर आहे, चहाडखोर आहे, पण त्या दिवशी त्या माणसांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना आजही हात जोडतो.

दादाला मात्र ते सोसलं नाही. एखाद्यानं शिवी घातली असती तर बरं झालं असतं. लोक उठून गेले, त्यांच्या धोतरांवर मागं डाग पडलेले त्यानं पाहिले. मग मला म्हणाला, "मपली बाज आत घे."

"दिवस हाय अजून, दादा."

"आत घे म्हणलं ना."

बाज आत गेली ती आतच राहिली. दुसऱ्या दिवशी बाहेर न्यायला गेलो तर त्यानं नुसता हात हलवला. भिंतीकडं तोंड करून पडायचा. ताटातलं उष्टवल्यासारखं करायचा आणि सरकवून द्यायचा. कुणी भेटायला आलं तर डोळे मिटून घ्यायचा, म्हणजे झोपलाय म्हणून माणूस दारातून परत जाई. वहिनी जवळ बसून गड्यांचं, गुरांचं सांगायची, तो हूं हूं करायचा आणि थोड्या वेळानं तेही करायचा नाही. माणूस असा किती दिवस काढतो? बाहेरच्या खोलीत बसलो तरी मला त्याच्या उसाशांचा आवाज यायचा.

मी सुताराच्या नरडीचा घोट घ्यायला निघालो, तर तोच आमच्या अंगणात पेटीपुढं उकिडवा बसलेला. मी तोंड सोडलं. त्यानंही सोडलं. लाकूड चांगलं, सांधा चांगला, दोष गाद्यांचा, असं तो म्हणत होता, आणि मी त्याच्या सात पिढ्या मोजत होतो. तेवढ्यात वहिनी बाहेर आली. कधी नाही ती ओट्याच्या कडेला येऊन उभी राहिली.

"मिस्तरी," ती म्हणाली, "तुमची मिशी सलामत हाय. मुंगी शिरली न्हाई. पर वारंबी शिरलं न्हाई."

सुतारानं पेटीच्या सांध्यावरून बोट फिरवलं.

"ज्वारीला वारं नगं. कापसाला लागतं. हे तुमालाबी म्हाईत हाय अन् मलाबी म्हाईत होतं. लिंपायला म्याच बसले व्हते की तुमच्यासंगं."

सुतारानं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. "दुसरी करतो," तो म्हणाला.

"करा. पर आवंदा बसून करा."

"म्हंजे?"

"म्हंजे आधी तिथं बसा," वहिनीनं ओट्यावर टाकलेल्या दुसऱ्या, मोकळ्या बाजेकडं बोट दाखवलं. "अन् भाऊजी, ह्या मिस्तरीचे पाय बांधा."

सुतार भडकणार असं मला वाटलं. पण कसा कोण जाणे, तो जाऊन बाजेवर बसला. मी बैलाचा कासरा आणून त्याचे पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत करकचून बांधले. अशी संधी पुन्हा आली नसती. वहिनी म्हणाली, "पाय हायतच न्हाई असं समजा. आता त्या पेटीतली गादी काढा."

मी झाकण उचललं. सुतार ऐटीत कुशीला वाकला, हात लांब केला, आणि धरायला काही नसल्यामुळं वरचं अंग जे गेलं ते गेलंच. ओट्यावर पडला, ओट्यावरून खाली पडला, आणि मांडीवरचं मुंडासं गडगडत लिंबापर्यंत गेलं. रस्त्यानं चाललेल्या दोन बाया डोक्यावरचे भारे धरून हसायला लागल्या. मला हसू आवरेना. वहिनीनं पदराचा बोळा तोंडात धरला होता, तरी तिचे खांदे हलत होते. आणि खाली बांधलेल्या पायांनी पडलेला सुतार, देव त्याचं भलं करो, तोही हसायला लागला.

"काय पडलं?" आतून आवाज आला.

आम्हाला कुणालाच बोलता येईना.

"आरं, काय झालं ते सांगतासा का न्हाई?" दादाचा आवाज. नुसता आवाज नाही, जुना, ओट्यावरून रस्त्यापर्यंत पोचणारा. मी आत धावलो, पण सांगायला तोंड उघडलं की हसूच यायचं. दादा चिडला. "मला भाईर घे," तो म्हणाला. "घे म्हणतो ना!"

मी आणि एका वाटसरूनं मिळून बाज बाहेर आणली. दादानं खाली पडलेल्या सुताराकडं पाहिलं, कासऱ्याकडं पाहिलं, पेटीकडं पाहिलं. त्याला सगळं कळलं. तोंड फिरवून आत न्यायला सांगेल असं मला वाटलं, आणि माझं हसणं थांबलं. तो म्हणाला, "मिस्तरी, असं न्हाई. पाय नसल्यावर मानूस तसा वाकत न्हाई. आधी डाव्या हातानं कायतरी धरावं लागतंय. मंग उजवा जातो."

"धरायला काय देऊ?" सुतार खालूनच म्हणाला.

"ते तू सांग. सुतार तू हायस का मी?"

आणि ते दोघं बोलायला लागले. सुताराचे पाय सोडायचं कुणाला सुचलं नाही, त्यालाही नाही. तो तसाच ओट्याला पाठ लावून बसला आणि कोळशानं दगडावर रेघा ओढायला लागला. दादा खोडायला सांगायचा, तो पुन्हा ओढायचा. मी वहिनीला शोधलं तर ती तिथं नव्हती. आत चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, पदरानं डोळे पुसत होती, आणि धूर फार झालाय असं म्हणाली. धूर नव्हता.

दुसरी पेटी कडुलिंबाची झाली. लिंबाचं लाकूड कडू, त्याला कीड लवकर धरत नाही. उंची बाजेइतकीच. माप गाद्यांचं घेतलं नाही, ओट्याचं घेतलं नाही. दादाला बाजेवर बसवून हात लांब करायला लावला, आणि बोटं जिथवर पोचली तिथं सुतारानं कोळशानं खूण केली. "ह्याच्या पल्याड लाकूड गेलं तर ते वाया," तो म्हणाला. तळाला फळी नाही, पट्ट्या, मधे फटी, आणि खाली चार ठेंगणे पाय, म्हणजे जमिनीची ओल लागू नये. पाठीला तिरप्या पट्ट्या, पाऊस बाहेर निथळेल आणि वारा आत येईल अशा. उंदरांसाठी आतून बारीक तारेची जाळी, ती परभणीहून आणली. झाकण वर नाही, पुढं, खालच्या कडेवर फिरणारं. खिटी सरकवली की ते अलगद पुढं येऊन खाली उतरायचं. आत वहिनीनं नव्यानं शिवलेल्या गाद्या एकीवर एक नाहीत, उभ्या, प्रत्येकीला वेगळा खण, म्हणजे एक काढताना दुसरी ओढली जात नाही. आणि डाव्या अंगाला बाभळीचा एक खुंट, घासून घासून गुळगुळीत केलेला, दादाच्या मुठीत बसेल इतका.

खुंटावरून दोघांची दोन दिवस भांडणं झाली. दादा म्हणायचा अजून खाली, सुतार म्हणायचा बास झालं. शेवटी दादाचंच खरं ठरलं. मी एवढी भांडणं केली, पण इतकं उपयोगाचं भांडण मला एकही जमलं नाही.

दसऱ्याला पेटी पहिल्यांदा उघडली. सोनं द्यायला लोक आले, आपट्याची पानं दादाच्या हातात ठेवली आणि रीतीप्रमाणं उभे राहिले. पोळ्याचं कुणी विसरलं नव्हतं. त्यांच्या उभं राहण्यातच ते दिसत होतं. दादानं डाव्या हातानं खुंट धरला, उजव्यानं खिटी सरकवली, झाकण खाली आलं. त्यानं गादी काढून ओट्यावर टाकली आणि म्हणाला, "बसा." पोळ्याला पहिला बसलेला तोच म्हातारा पुढं आला. बसता बसता त्यानं हळूच गादी नाकाशी नेली, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं.

"घ्या, वास घ्या तात्या," दादा म्हणाला. "आवंदा लिंबाचा हाय."

ओटा हसला. म्हातारा सगळ्यांत जास्त हसला आणि ऐसपैस बसला. मग दादा एकेकाला गादी देत गेला, नाव घेऊन, काही ना काही बोलून. लोक त्याच्या हातून गादी घ्यायचे, त्याच्याशी बोलायचे, आणि मग बसायचे ते त्याच्याकडं तोंड करून. मी लिंबाखाली उभा होतो. कुणी मला काही विचारत नव्हतं. थोड्या वेळानं दादानं मला बैलांना पाणी दाखवायला पाठवलं. मी गेलो, आणि बैलांच्या मानेवर हात ठेवून मनसोक्त रडलो.

पुढं ती बैठक इतकी बहरली की पाय असताना कधी नव्हती. दादाला आता गाद्यांचं राजकारण सापडलं होतं. लांबण लावणाऱ्याला पातळ गादी, चिकटाला उसवलेली, आणि ज्याचं खरं पटलं त्याला उठून जाताना, "उद्या ये, तुला जाड देतो." मराठवाडा मुंबईच्या राज्यात जायचा होता, त्यावर तर असे वाद झाले की माझ्यासारख्यानंही कान झाकावेत. पोखर्णीहून नृसिंहाचं दर्शन करून येणारे वाट वाकडी करून पेटी बघायला यायचे. सुतार जवळ असला तर हातवारे करून सगळं समजावून सांगायचा: वारा कसा खेळतो, माप हाताचं का घ्यायचं. त्यात कासऱ्याचा भाग तो गाळायचा आणि वहिनीचाही. एकदा मी चिडून तिला म्हणालो, "वैनी, तो समदं सोतावर घ्यायलाय." ती म्हणाली, "घेऊ द्या की. पेटी त्यायनीच केली न्हवं?" असा मोठेपणा मला कधी परवडला नाही. पण जवळून बघायला मिळाला, हेही काही थोडं नाही.

मला आठवते ती दुपार कापूस वेचणीच्या दिवसांतली. गाडी घेऊन मी रानातून लवकर परतलो होतो. लिंबाखाली बैल सोडत होतो. ओट्यावर दादा एकटाच होता, बैठकीला अजून अवकाश होता. वहिनीनं त्याला चहा आणून दिला आणि ती आत वळली. मागं खिटी सरकल्याचा आवाज आला म्हणून थबकली. दादानं खुंट धरून एक गादी काढली, नवी, जाड, कुणालाच न दिलेली, आणि बाजेशेजारी ओट्यावर टाकली.

वहिनीनं रस्त्याकडं पाहिलं. "कोन आलंय?"

"कुनी न्हाई."

"मंग?"

"बस."

ती हसली. "म्या? म्या कुढं बसू हितं? चुलीवर दूध हाय."

"बस म्हणलं."

"आवं, रस्त्यानं मान्सं जायलेत. काय म्हणतील?"

दादा गादीवरची सुरकुती तळहातानं साफ करत होता. वर न बघता म्हणाला, "ह्या घरात बसायला मी देतो. दिलेली बैठक मोडायची अस्ती का?"

तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि पाय खाली सोडून गादीच्या अगदी कडेला टेकली. मग हळूच मागं सरकली आणि नीट बसली. रस्त्यानं दोघं-तिघं गेले. एकानं राम राम घातला, दादानं घेतला. दादानं आपला चहा बशीत ओतून तिच्यापुढं केला. मी बैलांची दावी हातात धरून तसाच उभा होतो. आत दूध उतू जात होतं, करपल्याचा वास पार लिंबापर्यंत आला होता. वहिनी उठली नाही.